बेटावर बस्तान बसवण्याआधी

मार्च संपत आला की हिंगोलीत घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. जाळ्यांतलं काळं पडलेलं गवत काढून नवं भरलं जातं, टाकीतला गेल्या वर्षीचा गाळ खरवडला जातो, पंपाची नळी फुंकून पाहिली जाते. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर गेला, तरी खिडकीला लावलेला तो पत्र्याचा डबा खोली गार करतो. हाच कूलर कोणी अंदमानात पोर्ट ब्लेअरला नेला, तर तिथं तो खोली आणखी दमट करण्यापलीकडे फारसं काही करणार नाही. हिंगोलीची उन्हाळी हवा कोरडी असते. गवतावरचं पाणी झरझर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. अंदमानात हवेत आधीच इतकी वाफ असते की पाणी फारसं उडतच नाही. घामाचंही तेच. पारा तिशीच्या थोडासा वर असला, तरी अंगावरचा घाम अंगावरच राहतो आणि मराठवाड्याच्या उन्हात तावून निघालेला माणूसही पहिल्या महिन्यात थकून जातो.

तसं पाहिलं तर हिंगोलीही उष्ण कटिबंधातच येते. कर्कवृत्त इथून बरंच उत्तरेला आहे. म्हणजे ऊन नवं नाही. नवं आहे ते चारही बाजूंचं पाणी. हिंगोलीपासून कुठलाही समुद्रकिनारा चारशे किलोमीटरहून दूर. तरीही इथल्या एखाद्या घरात बेटावर जाण्याचा प्रश्न उभा राहू शकतो. कोणाची सैन्यातली बदली असते, कोणाला केंद्र सरकारच्या खात्यात नेमणूक मिळते, कोणाला हॉटेलात किंवा बांधकामावर काम मिळतं. भारताच्या तिन्ही सेनादलांची पहिली संयुक्त कमान 2001 साली पोर्ट ब्लेअरलाच उभी राहिली, त्यामुळे देशभरातली फौजी कुटुंबं तिथं येत-जात असतात. चार दिवसांच्या सहलीत पाहिलेल्या निळ्या पाण्यावर जीव जडून तिथंच राहायचं मनात घेणारेही असतात.

स्थलांतर हिंगोलीला नवं नाही. जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं आणि त्यांच्या आयुष्यातली बरीच वर्षं थेट पंजाबात, घुमानला गेली असं परंपरा सांगते. आजही दिवाळीनंतर डोंगराळ भागातली गावं आणि तांडे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर निघतात. शिकलेली पोरं पुणे-हैदराबाद गाठतात. पण या सगळ्या वाटा जमिनीवरच्या आहेत. पुण्यात काम करणाऱ्या मुलाला रात्री निरोप आला की तो पहाटेपर्यंत गावच्या फाट्यावर उतरतो. बेटावरून तसं निघता येत नाही. तिथं येणारं आणि तिथून जाणारं सगळं, माणूस, कांदा, औषध, डिझेल, एकाच अरुंद दारातून जातं: जहाज किंवा विमान. बेटावर राहायचं की नाही हे ठरवणं म्हणजे त्या दाराच्या भरवशावर संसार मांडता येईल का, हे ठरवणं.

आधी गेलेले

मराठी माणसं बेटांवर राहायला गेली त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षं झाली. 1834 पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले आणि पुढच्या काही दशकांत सुमारे साडेचार लाख माणसं त्या बेटावर उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातले मराठी लोक होते. करार साधारण पाच वर्षांचा. काय वाढून ठेवलं आहे याची कल्पना नसताना त्यांनी अंगठे उठवले. 1867 साली तिथं हिवतापाची भयंकर साथ आली आणि हजारो माणसं गेली. बेटाला त्या तापाची सवय नव्हती आणि मजुरांच्या वस्त्यांत औषधपाण्याची सोय जेमतेम होती.

तरी पुष्कळजण राहिले आणि त्यांनी आपलं गाव तिथं नव्यानं उभं केलं. कोकणातली जाखडी मॉरिशसमध्ये आजही नाचली जाते. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मराठी शाळांतून शिकवली जाते, घरात मात्र बहुतेकांच्या तोंडी क्रिओल असते. नोंदवहीत कारकुनानं लिहिलेलं पूर्वजाचं नुसतं नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं, म्हणून तिथल्या अनेक मराठी घरांची आडनावं ‘जी’नं संपतात. ज्या पायऱ्यांवरून हे मजूर उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. हा सगळा देश लोकसंख्येनं जेमतेम हिंगोली जिल्ह्याएवढा आहे. 2011 च्या जनगणनेत हिंगोलीचे लोक होते 11 लाख 77 हजार. मॉरिशसचे सुमारे साडेबारा लाख. क्षेत्रफळात तर हिंगोली त्याच्या दुपटीहून मोठी.

दुसरं उदाहरण भारताच्याच हद्दीतलं आहे, आणि महाराष्ट्रात त्याची माहिती फारच थोड्यांना आहे. निकोबार समूहातलं ग्रेट निकोबार हे देशाचं अगदी दक्षिण टोक. इथून इंडोनेशियाचं सुमात्रा सुमारे दीडशे किलोमीटरवर. सीमेवरचं हे बेट विरळ वस्तीचं राहू नये म्हणून सरकारनं 1969 पासून पुढची दहा-अकरा वर्षं तिथं माजी सैनिकांची सुमारे 330 कुटुंबं वसवली. पंजाब, तामिळनाडू, केरळ, आंध्र यांच्याबरोबर महाराष्ट्रातलीही होती. शेतीसाठी, बागेसाठी आणि घरासाठी जमीन देण्यात आली. जंगल तोडून, चिखल तुडवत त्यांनी नारळ-सुपारीच्या बागा उभ्या केल्या. कॅम्पबेल बे हे बंदर, आणि किनाऱ्यानं गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर अशी वसाहतीची गावं झाली.

पस्तीस वर्षांनी, 26 डिसेंबर 2004 च्या सकाळी, सुमात्राजवळच्या 9.1 क्षमतेच्या भूकंपानंतर समुद्र या गावांत शिरला. किनाऱ्यालगतची घरं, बागा, रस्ता वाहून गेला. खालची जमीनच खचली. बेटाच्या दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंटला, ती सुमारे चार मीटर खाली गेली आणि तिथल्या दीपस्तंभाचा पाया पाण्यात आला. फौजेत आयुष्य काढलेल्या आणि दुसऱ्यांदा संसार उभा केलेल्या माणसांना म्हातारपणी पत्र्याच्या निवाऱ्यात राहावं लागलं. आता याच बेटावर गॅलेथिया उपसागरात मोठं बंदर, विमानतळ आणि नवं शहर असा सुमारे 72 हजार कोटींचा प्रकल्प आखला गेला आहे. जिथं आठेक हजार लोक राहतात तिथं पुढच्या काळात लाखांनी माणसं येतील असा त्याचा आराखडा सांगतो. 1969 ला नवखे म्हणून आलेल्यांची मुलं-नातवंडं आज जुने रहिवासी म्हणून आपल्या जमिनीचं काय होणार, हे विचारत आहेत.

मॉरिशसला गेलेल्यांच्या हातात करार होता, ग्रेट निकोबारला गेलेल्यांच्या हातात सरकारनं दिलेली जमीन होती. आज स्वतःहून निघणाऱ्याकडे यातलं काही नसतं. म्हणून त्याला प्रश्न जास्त विचारावे लागतात.

दार किती वेळ उघडं असतं?

हिंगोलीहून पोर्ट ब्लेअर गाठायचं, तर आधी नांदेडमार्गे रेल्वेनं हैदराबाद किंवा चेन्नई, आणि तिथून विमान. चेन्नईहून हवाई अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास, वेळ दोन-सव्वादोन तास. जहाजानं तेच अंतर कापायला साधारण तीन दिवस लागतात आणि जहाज रोज नसतं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम केलं. बोलण्यात अजून दोन्ही नावं चालतात.

पण पोर्ट ब्लेअर गाठलं म्हणजे झालं असं नाही. अंदमान-निकोबारमध्ये लहानमोठी आठशेहून जास्त बेटं आहेत, वस्ती तीसेक बेटांवर. नेमणूक कॅम्पबेल बे ला असेल, तर पोर्ट ब्लेअरहून पुढे पुन्हा पाचशेहून अधिक किलोमीटरचा सागरी प्रवास. समुद्र खवळला की बोटी थांबतात. डिसेंबर 2016 मध्ये चक्रीवादळानं हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. पोर्ट ब्लेअर तिथून चाळीसेक किलोमीटरच, पण त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. पर्यटकाला ती चार दिवसांची अडचण वाटते. तिथं राहणाऱ्याच्या आयुष्याचा तो नेहमीचा भाग असतो.

आजारपणाचा हिशेब याच दाराशी येऊन थांबतो. पोर्ट ब्लेअरला जी. बी. पंत रुग्णालय आहे, 2015 पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तरी गुंतागुंतीच्या आजाराचा रुग्ण चेन्नईला किंवा कोलकात्याला हलवावा लागतो. घरात हृदयविकाराचा, डायलिसिसचा रुग्ण असेल किंवा बाळंतपण जोखमीचं असेल, तर आधी त्याचा विचार व्हायला हवा. भातशेतीत उतरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाची, जोखीम असते. उत्तर अंदमानच्या दिगलीपूर भागात त्याच्या साथी येऊन गेल्या आहेत.

एक बाब मात्र झपाट्यानं सुधारली. 10 ऑगस्ट 2020 ला चेन्नई ते अंदमान-निकोबार अशी सुमारे 2,300 किलोमीटरची समुद्राखालची ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली. त्याआधी सगळी मदार उपग्रहावर होती. आज तिथल्या मुलाला हिंगोलीतल्या आजीशी व्हिडिओवर बोलता येतं. आजीच्या उशाशी येऊन बसायला मात्र दोन दिवस लागतात.

पाण्यानं वेढलेल्या गावात पाणी

अंदमानात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, हिंगोलीच्या तिपटीहून जास्त. मोसमी पाऊस तिथं मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पोचतो आणि नैर्ऋत्य मोसमी वारे परतल्यावर ईशान्येचा पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. इतकं असूनही मार्च-एप्रिलमध्ये पोर्ट ब्लेअरच्या नळाला दिवसाआड, कधी त्याहून जास्त दिवसांनी पाणी येतं. बेटं अरुंद आणि डोंगरउताराची. पडलेलं पाणी काही तासांत समुद्राला मिळतं. येलदरी किंवा सिद्धेश्वरसारखी धरणं बांधायला लागणारं मोठं खोरं तिथं नाही. शहराची भिस्त मुख्यतः धनीखाडीच्या छोट्या धरणावर. टँकरची वाट पाहिलेल्या हिंगोलीकराला हे चित्र ओळखीचं वाटेल.

लक्षद्वीपमध्ये तर प्रश्नाचं रूपच वेगळं. ही पोवळ्याची सपाट बेटं. सगळी मिळून जमीन अवघी 32 चौरस किलोमीटर, वस्ती दहा बेटांवर. तिथं झिरपलेलं पावसाचं गोडं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण खारं पाणी थोडंसं जड असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर उंच असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. याचा उलटा अर्थही तितकाच महत्त्वाचा. वरची पातळी उपशानं थोडी जरी उतरली, तरी खालचं खारं पाणी त्याच्या चाळीस पटींनी वर सरकू पाहतं. मराठवाड्यात पाचशे फुटांचा बोअर कोरडा गेला, तर पुढचा सहाशेचा घेतात. पोवळ्याच्या बेटावर खोल जाणं म्हणजे विहीर कायमची खारट करणं. म्हणून तिथं 2005 मध्ये कवरत्तीला समुद्राच्या तापमानातील फरक वापरून रोज एक लाख लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प उभारला गेला. घर भाड्यानं घेताना खोल्या किती हे विचारण्याआधी तिथं टाकी केवढी आणि नळ किती दिवसांनी, हे विचारायचं असतं.

जमीन कोणाची

समुद्रकाठी दोन गुंठे घेऊन ठेवू, हा विचार मनात येणं साहजिक आहे. पण अंदमान-निकोबारच्या जमिनीपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त जंगल आहे. 1956 च्या आदिवासी संरक्षण विनियमानं मोठे प्रदेश राखीव केले आहेत. निकोबारमध्ये परवान्याशिवाय बाहेरच्या भारतीयालाही जाता येत नाही. जे जंगल नवख्याला रिकामं दिसतं ते रिकामं नाही. ते जारवा, शोम्पेन, निकोबारी यांचं घर आहे, आणि त्यांच्या शरीराला बाहेरचा साधा गोवरही झेपेलच असं नाही. उरलेल्या थोड्या महसुली जमिनीचे व्यवहार 1966 च्या भूमहसूल विनियमाखाली होतात. सातबारा-फेरफाराच्या ओळखीवर तिथले कागद वाचू नयेत. इसार देण्याआधी तिथल्या तहसील कार्यालयात स्वतः जाऊन खात्री करावी. लक्षद्वीपला तर नुसतं पाऊल ठेवायलाच प्रवेश परवाना लागतो आणि तिथले नव्वद टक्क्यांहून जास्त रहिवासी अनुसूचित जमातीचे असल्यानं जमिनीला कायद्याचं संरक्षण आहे.

मिठाची बरणी आणि हळकुंड

बेटावरचं रोजचं जगणं कसं असतं ते स्वयंपाकघरात लवकर कळतं. मिठाच्या बरणीच्या तळाशी पाणी सुटतं. भाजलेला पापड ताटात येईपर्यंत मऊ पडतो. पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवी बुरशी चढते, कडी-कोयंडे गंजतात. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीचंच घ्या, जिला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शिजवलेली हळद दहा-पंधरा दिवस कडक उन्हात अशी वाळवतात की हळकुंड मोडताना खणखणीत आवाज यावा. ते वाळणं मराठवाड्याच्या कोरड्या फाल्गुन-चैत्राचं देणं आहे. अंदमानात हळद उगवते, पण वाळवायला असं ऊन जानेवारी ते एप्रिल एवढंच, आणि साठवलेलं हळकुंड पुन्हा ओलावा धरतं. शेतीचं कसब बरोबर नेता येतं, हवा नेता येत नाही. शेतीत उतरू पाहणाऱ्यानं पोर्ट ब्लेअरच्या केंद्रीय द्वीप कृषी संशोधन संस्थेत दोन दिवस घालवले तर त्याची दोन वर्षं वाचतील.

कांदा, बटाटा, डाळी, गहू हे बहुतांशी चेन्नई-कोलकात्याच्या जहाजांतून येतं. जहाज लांबलं की भाव चढतो. मासे मुबलक. ज्वारीचं पीठ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल हे गृहीत धरू नये.

घड्याळही वेगळं वागतं. पोर्ट ब्लेअर हिंगोलीच्या इतकं पूर्वेला आहे की एकाच भारतीय प्रमाणवेळेत तिथली मध्यान्ह तासभर आधी होते. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा हिंगोलीच्या गल्ल्यांत पोरं अजून क्रिकेट खेळत असतात. कचेरीतून बाहेर पडलं की अंधार. एकट्यानं राहणाऱ्याला या लांब संध्याकाळी फार जाणवतात.

भाषेची अडचण मात्र कमी. बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी अशी सगळीकडची माणसं असल्यानं हिंदीत सगळा व्यवहार होतो. सेल्युलर जेलमुळे सावरकर बंधूंची आठवण मराठी माणसाच्या मनात असतेच. 10 मार्च 1858 ला दोनशे कैद्यांना घेऊन सुरू झालेल्या अंदमानच्या कैद्यांच्या वसाहतीत सुटलेल्या कैद्यांनी तिथंच लग्नं केली, संसार थाटले, आणि जातपात, प्रांत ओलांडून ‘लोकल बॉर्न’ नावाचा एक समाज तयार झाला. बाहेरून येणारा प्रत्येकजण तिथं कधी ना कधी नवखा होता, याचा नव्या माणसाला आधार वाटतो.

ठरवायचं कसं

जानेवारीच्या सहलीवरून ठरवू नये. तेव्हा आकाश निवळलेलं असतं, समुद्र शांत असतो, बोटी वेळेवर सुटतात. जायचं तर जुलैत किंवा नोव्हेंबरात जावं, हॉटेलात न राहता भाड्याच्या खोलीत महिनाभर काढावा, बाजारहाट स्वतः करावा, पाण्याची पाळी सांभाळावी, सरकारी दवाखान्याच्या रांगेत एकदा उभं राहावं. एखादी बोट रद्द झालेली अनुभवावी. उत्पन्नाचा हिशेब करताना पगारातून वर्षाकाठी घरच्या प्रत्येकाच्या दोन फेऱ्यांचं विमानभाडं आधी वजा करावं, आणि अचानक काढाव्या लागणाऱ्या एका महागड्या तिकिटाची रक्कम वेगळी ठेवावी. केंद्र सरकारची नोकरी असेल तर बेटावरच्या नेमणुकीचा विशेष भत्ता मिळतो. खासगी काम असेल तर तेवढा फरक मालकाकडून लेखी घ्यावा. मुलं दहावी-बारावीला असतील तर तिथल्या शाळेत कोणतं मंडळ आहे ते पाहावं. आणि भूकंप झाला तर कोणत्या टेकडीवर चढायचं, ही वाट पहिल्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी चालून पाहावी, कारण हा सगळा पट्टा भूकंपप्रवण क्षेत्रातला आहे.

गावी थकलेले आई-वडील एकटे असतील आणि त्यांच्याजवळ दुसरं कोणी नसेल, तर हा निर्णय पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. उलट ज्यांची नोकरी ठरलेली आहे, ज्यांच्या घरी मागे बघणारं माणूस आहे, ज्यांना आठ दिवस बोट आली नाही तरी चैन पडते, अशांसाठी बेट चांगलं घर होऊ शकतं; कॅम्पबेल बे च्या वसाहतीतल्या कित्येकांनी लाटेनंतरही तिथंच पुन्हा नारळ लावले.

पहिलं वर्ष हिंगोलीचं घर मोडू नये, शेत विकू नये, फक्त बटईनं द्यावं. कूलर माळ्यावर झाकून ठेवावा. पुढच्या मार्चमध्ये बेटावरचा एक पूर्ण पावसाळा, एक वादळ आणि पाणीटंचाईची सुरुवात पाहून झालेली असेल, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून वर्षाची वही उघडावी: किती बोटी चुकल्या, किती वेळा दवाखाना गाठला, किती पैसे उरले, आणि कोणाला परत यावंसं वाटतंय.